दूधगंगेच्या अलीकडे बहुसंख्याक, पलीकडे अल्पसंख्याक

लोकशाहीत प्रत्येकाला एकच मत असतं आणि कायदा सगळ्यांना सारखा असतो, तर मग अल्पसंख्याकांना वेगळे हक्क कशाला हवेत? कोल्हापुरात हा प्रश्न मिसळीच्या टेबलावर निघतो, तालमीच्या कट्ट्यावर निघतो, निवडणूक जवळ आली की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही निघतो. विचारणाऱ्याच्या मनात दर वेळी राग असतोच असं नाही, बऱ्याच जणांना खरंच समजून घ्यायचं असतं. पण उत्तराआधीच आवाज चढतात आणि विषय तसाच राहतो. म्हणून तो इथे सावकाश घेऊ. त्यासाठी फार लांब जायलाही नको. आपल्या जिल्ह्यात आणि जिल्ह्याच्या वेशीवर या विषयाचे बहुतेक धागे सापडतात.

आधी नागरिक कोण, ते पाहू

कोल्हापूर शहराच्या पूर्वेला वळिवडे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. सुमारे ५,००० माणसं होती, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. सोव्हिएत सैन्याने पोलंडचा पूर्व भाग ताब्यात घेतल्यावर या कुटुंबांना घरांतून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे धाडलं होतं. तिथून सुटून, इराणमार्गे ती आपल्याकडे पोचली. वळिवड्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, मुलं पोलिश भाषेत शिकत होती. युद्ध संपलं तोवर त्यांतल्या बहुतेकांची गावं सोव्हिएत संघाच्या हद्दीत गेली होती. परत जायचं तर कुठल्या घरी? बरीच कुटुंबं शेवटी इंग्लंडमध्ये आणि इतर देशांत स्थायिक झाली.

फाळणीनंतर त्याच छावणीत सिंधी निर्वासित आले आणि तिचं गांधीनगर झालं. आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते हेच गांधीनगर.

दोन्ही समूहांचं घरदार, जमीनजुमला, शेजार सगळं मागे राहिलं होतं. पण सिंधी कुटुंबांना नव्या देशाने आपलं म्हटलं. पाकिस्तानातून आलेल्यांना नागरिक कसं मानायचं हे राज्यघटनेच्या ६ व्या अनुच्छेदात लिहिलेलं आहे. स्वतः किंवा आईवडील, आजीआजोबांपैकी कुणी अखंड भारतात जन्मलेलं असावं, ही मूळ अट. त्यांतले जे १९ जुलै १९४८ च्या आधी आले आणि इथेच राहिले, ते थेट नागरिक. त्यानंतर आलेल्यांनी सहा महिने राहून अर्ज करायचा आणि नोंदणी करून घ्यायची. घटना २६ जानेवारी १९५० रोजी लागू झाली हे आपण शाळेत शिकतो, पण नागरिकत्वाचे अनुच्छेद त्याच्या दोन महिने आधी, २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाले होते. ते साहजिकच होतं. राज्य कुणाचं आहे ते ठरल्याशिवाय राज्य चालवणार कसं?

नागरिकत्व म्हणजे काय, हे ज्याच्याकडे ते नाही त्याला सगळ्यांत चांगलं कळतं. नागरिकाला देशाबाहेर काढता येत नाही, त्याला मत देता येतं, निवडणूक लढवता येते. आणि बाकीचे हक्क मागायला उभं राहायची जागा मिळते, हे सर्वांत महत्त्वाचं. १९३५ मध्ये नाझी जर्मनीने ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. पुढे जे घडलं त्याचा रस्ता तिथून मोकळा झाला. श्रीलंकेने, तेव्हाच्या सिलोनने, १९४८ मध्ये असा कायदा केला की चहाच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या लाखो तमिळ लोकांना कुठल्याच देशाचं नागरिकत्व उरलं नाही. मतदारयादीतून नाव गेलं की पुढाऱ्यालाही त्या वस्तीत येण्याचं कारण राहत नाही.

आपल्या घटनेने नागरिक नसलेल्यांनाही उघड्यावर सोडलेलं नाही. कायद्यापुढे समानता (अनुच्छेद १४), जीविताचं आणि स्वातंत्र्याचं रक्षण (२१), धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य (२५) हे हक्क भारताच्या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला आहेत. शिवाजी विद्यापीठात शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यालाही. भाषणस्वातंत्र्य, सरकारी नोकरीतली समान संधी, आपली भाषा आणि संस्कृती जपण्याचा हक्क हे मात्र नागरिकांचे.

भारतात जन्मला म्हणून नागरिक, ही वाट मात्र हळूहळू अरुंद होत गेली. १९५० ते १ जुलै १९८७ या काळात इथे जन्मलेलं मूल नागरिक होतं, आईवडील कुठलेही असोत. त्यानंतर आईवडिलांपैकी एक जण भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून एक जण भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसला पाहिजे, अशी ती आणखी घट्ट झाली. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोकांना वेगळी सोय दिली. तिचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. समर्थक म्हणतात, हे त्या देशांतले छळलेले अल्पसंख्याक आहेत, त्यांनी दुसरीकडे जायचं कुठे? विरोधक म्हणतात, नागरिकत्वाच्या कायद्यात धर्माची कसोटी पहिल्यांदाच आली, आणि पाकिस्तानातले अहमदिया किंवा श्रीलंकेतले तमिळ यांचाही छळ झालाच होता. या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे.

बेरीज कुठे कमी पडते

आता मूळ प्रश्न. सगळे नागरिक झाले, प्रत्येकाला एक मत मिळालं. आणखी काय हवं?

निवडणुकीत हरलेला पक्ष पाच वर्षांनी जिंकू शकतो. आज अल्पमतात असलेला उद्या बहुमतात येतो, म्हणून हरणारा निकाल मान्य करतो. लोकशाही या आशेवर चालते. पण सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात कन्नड बोलणाऱ्या घरातलं मूल पुढच्या निवडणुकीत मराठीभाषक होणार नाही. त्याची संख्या कमी आहे आणि कमीच राहणार आहे. शाळा कुठल्या भाषेत, सुट्ट्या कोणत्या सणांना, पाटी कुठल्या लिपीत, हे सगळं नुसतं हात वर करून ठरवायचं म्हटलं तर ते दर वेळी हरेल. ज्याला प्रत्येक वेळी हरावं लागतं त्याने हा खेळ आपलाही आहे असं का मानावं? त्यामुळे काही गोष्टी मतदानाच्या बाहेर ठेवाव्या लागतात. हक्क म्हणतात ते यालाच.

स्वित्झर्लंडचं उदाहरण घ्या. चार भाषा नांदवणारा, जनमताने कारभार करणारा देश म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. तिथे २००९ मध्ये नवे मिनार बांधायला बंदी करावी का, यावर जनमत घेतलं. ५७.५ टक्के लोकांनी बंदीच्या बाजूने मत दिलं. त्या वेळी अख्ख्या देशात मिनार होते चार. मतदान रीतसर झालं, मोजणी चोख झाली, आणि तरी एका छोट्या समाजाला, फक्त त्यालाच, एक गोष्ट कायमची नाकारली गेली.

समानतेचं नाव घेऊनही असं करता येतं. १९३३ मध्ये अल्बानियाने घटना बदलून देशातल्या सगळ्या खासगी शाळा बंद केल्या. तिथल्या ग्रीक अल्पसंख्याकांनी तक्रार केली तेव्हा सरकारचं म्हणणं होतं, की आम्ही भेद केलेला नाही, सगळ्यांच्याच खासगी शाळा बंद आहेत. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेलं. १९३५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की कागदावर समानता असणं पुरेसं नाही, ती प्रत्यक्षातही असावी लागते. अल्बेनियन भाषा बोलणाऱ्या मुलाला सरकारी शाळेतच त्याची भाषा मिळते. ग्रीक मुलाची भाषा त्याच्या समाजाने चालवलेल्या शाळेत होती. दोघांच्या खासगी शाळा बंद केल्या तर पहिल्याचं काही गेलं नाही, दुसऱ्याचं सगळं गेलं.

हा निकाल मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. बहुसंख्याकांची संस्कृती राज्यकारभारात आपोआप मुरलेली असते. सरकारी कचेरी, पाठ्यपुस्तक, सुट्ट्यांची यादी, एसटीवरची पाटी यांतून ती रोज जपली जाते, त्यासाठी वेगळा कायदा करावा लागत नाही, आणि म्हणून ती आपल्याला हक्कासारखी दिसतच नाही. अल्पसंख्याकाला तेवढंच मिळवायला कायद्याचा आधार लागतो. तो आधार लांबून जादा सवलतीसारखा दिसतो.

आपल्या घटनेत हा आधार दोन ठिकाणी आहे. अनुच्छेद २९ सांगतो की ज्यांची भाषा, लिपी किंवा संस्कृती वेगळी आहे अशा कोणत्याही नागरिकसमूहाला ती जपण्याचा हक्क आहे. अनुच्छेद ३० सांगतो की धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्याक असलेल्यांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. यातला ‘भाषेने’ हा भाग लोकांच्या ध्यानात राहत नाही, आणि कोल्हापूरकरांचा सगळ्यांत जवळचा संबंध तर त्याच्याशीच आहे.

नदी ओलांडली की

कागल सोडून पुणे–बेंगळुरू महामार्गाने पुढे गेलं, की दूधगंगेच्या पुलानंतर कोगनोळी लागतं आणि कर्नाटक सुरू होतं. मग निपाणी, मग बेळगाव. दोन्ही काठांवर ऊस तोच, पाहुणेमंडळी तीच, सोयरिकी वर्षानुवर्षांच्या. कागलमधली मुलगी लग्न होऊन निपाणीला गेली तर तिची भाषा बदलत नाही, धर्म बदलत नाही, जात बदलत नाही. तरीही कायद्याच्या नजरेत ती बहुसंख्याकांतून निघून अल्पसंख्याकांत जाते. अल्पसंख्याक ही माणसांची जात नव्हे, माणूस कुठे उभा आहे त्यावर ते ठरतं, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांच्या पीठानेही २००२ मध्ये हेच सांगितलं: भारतात राज्यं भाषेच्या पायावर उभी आहेत, म्हणून अनुच्छेद ३० साठी अल्पसंख्याक कोण हे राज्यानुसार पाहायचं, मग निकष भाषेचा असो की धर्माचा.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर हा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तिथला मराठी माणूस अजून तो दिवस काळा दिन म्हणून पाळतो, आणि त्याच दिवशी कर्नाटक राज्योत्सव साजरा होतो. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. सीमा कुठे असावी यावर मी इथे लिहीत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं: सीमा कुठेही आखली तरी कुणीतरी पलीकडे राहतोच. बेळगाव महाराष्ट्रात आलं तर तिथला कन्नड माणूस अल्पसंख्याक होईल. मग त्याचं काय?

हे त्या वेळच्या लोकांनाही दिसत होतं. म्हणून १९५६ सालीच, ७ व्या घटनादुरुस्तीने, दोन अनुच्छेद घातले गेले. ३५० क प्रमाणे भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळेल अशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करायचा आहे. ३५० ख प्रमाणे या सगळ्यावर लक्ष ठेवायला एक विशेष अधिकारी नेमायचा आहे. त्याच सुमारास केंद्राने राज्यांशी बोलून काही साधी मापंही ठरवली. एखाद्या शाळेत ४० मुलं किंवा एका वर्गात १० मुलं अल्पसंख्याक भाषेची असतील, तर त्यांना त्या भाषेतून शिकवायचं. जिथे अशा लोकांची संख्या १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहे, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या. बेळगावातली मराठी परिपत्रकांची जुनी मागणी या १५ टक्क्यांच्या मापाशी जोडलेली आहे. ती काही कुणाच्या लहरीतून आलेली नाही.

आता दुसरा काठ. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड बोलणारी पुष्कळ गावं आहेत. जतमध्ये जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्या आईवडिलांनाही शिक्षक पुरेसे नाहीत, पुस्तकं वेळेवर येत नाहीत, दाखले मराठीतच मिळतात असं वाटलं, तर त्यांची तक्रार निपाणीच्या मराठी पालकाच्या तक्रारीपेक्षा हलकी ठरते का? नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला तेव्हा आपल्याकडे केवढी खळबळ झाली. पण ज्या गावाला आपल्या भाषेत शाळा, दाखला आणि दवाखान्याची पाटी मिळते, ते गाव दुसऱ्या राज्याकडे कशाला पाहील?

पाट्यांचंही तसंच. महाराष्ट्रात दुकानावर मराठी पाटी हवी आणि तिची अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नसावीत, असा नियम आहे. कर्नाटकाने २०२४ मध्ये पाटीवर ६० टक्के कन्नड हवं असा कायदा केला. राज्याच्या भाषेला पाटीवर जागा मिळालीच पाहिजे, यात मला काही वावगं वाटत नाही. खटकतं ते पुढचं पाऊल, जेव्हा दुसऱ्या भाषेचा फलक दिसला की त्याला काळं फासलं जातं. मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली आहे आणि वाचणाऱ्यांनाही ती सुचवतो: जे निपाणीत आपल्या माणसासाठी मागतो, ते जतमध्ये दुसऱ्याच्या माणसाला द्यायला मी तयार आहे का? या कसोटीवर घासून पाहिलं की आपल्या किती मागण्या न्यायाच्या आणि किती नुसत्या जोराच्या, ते लगेच कळतं.

जगात हे जमवलेली उदाहरणं आहेत. जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या मधला श्लेस्विग हा प्रदेश पिढ्यान्‌पिढ्या भांडणात होता. १९२० मध्ये तिथे सार्वमत घेऊन सीमा आखली गेली. दोन्हीकडे माणसं उरलीच: जर्मनीच्या बाजूला डॅनिश, आणि डेन्मार्कच्या बाजूला जर्मन. १९५५ मध्ये दोन्ही सरकारांनी एकाच वेळी आपापल्या घोषणा केल्या. तुम्ही तुमच्याकडच्या आमच्या लोकांशी नीट वागा, आम्ही आमच्याकडच्या तुमच्या लोकांशी वागतो, असा त्यांचा मथितार्थ. मला त्यातलं एक तत्त्व फार मोलाचं वाटतं. मी डॅनिश आहे असं कुणी म्हणालं तर सरकारी अधिकाऱ्याने ते तपासायचं नाही की खोडून काढायचं नाही. आडनाव, घरातली बोली, वंशावळ काही विचारायचं नाही. डॅनिश शाळांना जर्मनीच्या राज्याकडून पैसा मिळतो आणि डेन्मार्ककडूनही. विधिमंडळात जायला जर्मनीत पक्षाला ५ टक्के मतं लागतात. डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला ती अट नाही. २०२१ मध्ये या पक्षाचा एक खासदार जर्मनीच्या संसदेतही निवडून गेला. तरीही कुणाचा देश फुटला नाही आणि सीमा इंचभरही हलली नाही.

श्रीलंकेने उलटी वाट धरली. १९५६ मध्ये सिंहली ही एकच राजभाषा केली. तमिळ कारकुनाला नोकरी टिकवायची तर सिंहली शिकावी लागली, तमिळ शेतकऱ्याला आपल्याच सरकारशी बोलायला दुभाषा लागू लागला. पुढच्या यादवी युद्धाला आणखीही कारणं होती, पण दुरावा त्या कायद्याने रुजवला.

जे ऐकू येतं आणि जे असतं

अल्पसंख्याक म्हटलं की मुसलमान, असं समीकरण आपल्याकडे पक्कं बसलं आहे. देशपातळीवर सहा धर्मांना ही मान्यता आहे: मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी, आणि २०१४ पासून जैन. म्हणजे शिरोळ-हातकणंगल्याचा ऊस पिकवणारा, घरी अस्सल मराठी बोलणारा जैन शेतकरी धर्माने अल्पसंख्याक आहे. गांधीनगरचा सिंधी व्यापारी धर्माने हिंदू असला तरी भाषेने अल्पसंख्याक आहे, आणि भारतात कुठेही गेला तरी असणार, कारण सिंधी भाषेचं राज्यच नाही. ही भाषा घटनेच्या ८ व्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, यायलाही १९६७ साल उजाडलं. मुंबईत सिंधी समाजाची मोठमोठी कॉलेजं आहेत, ती भाषिक अल्पसंख्याक संस्था म्हणूनच चालतात. आणि मिझोराममध्ये सुमारे ८७ टक्के लोक ख्रिश्चन आहेत, तिथे हिंदू थोडके आहेत.

दुसरा घोळ आरक्षणाचा. अल्पसंख्याकांचे हक्क आणि आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजांनी १९०९ पासून धर्मावर वेगळे मतदारसंघ दिले होते. घटना समितीत सुरुवातीला धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागांचा विचार होता, पण मे १९४९ मध्ये तो सोडून देण्यात आला. बेगम ऐजाज रसूल यांच्यासारख्या मुस्लिम सदस्यांनीही तो सोडण्याच्या बाजूने मत मांडलं. आज लोकसभेत आणि विधानसभेत राखीव जागा आहेत त्या अनुसूचित जाती-जमातींना, आणि त्यांचं कारण शतकानुशतकांचा अन्याय हे आहे. मतदारयादी सगळ्यांची एकच.

तिसरं, अल्पसंख्याक शाळेला कुठलाच नियम लागत नाही असं समजलं जातं. तसं नाही. शिक्षणाचा दर्जा, शिक्षकांची पात्रता, हिशेब यांचे नियम सरकार लावू शकतं. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेला केवळ धर्म, जात किंवा भाषेवरून कुणाला प्रवेश नाकारता येत नाही.

शाहू महाराजांची वाट

दसरा चौकाच्या आसपास फिरताना मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग या इमारती आपण रोज पाहतो आणि पुढे जातो. १९०१ पासून शाहू महाराजांनी एकेका समाजाला हाताशी धरून वसतिगृहं उभी केली. मराठ्यांचं, जैनांचं, १९०६ मध्ये मुसलमानांची शिक्षणसंस्था, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि अशी कितीतरी. २६ जुलै १९०२ च्या हुकमाने संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्यांना दिल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे त्या व्याख्येत येत होते.

अशा वेगळ्या बोर्डिंगांनी जाती आणखी पक्क्या केल्या नाहीत का, असं काही जण विचारतात. शंका रास्त आहे. पण खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळत नव्हतं, आणि समाजाने दिलेल्या दारातूनच तो शाळेत पोचू शकत होता. शाळा मात्र सगळ्यांची एकच हवी, हा महाराजांचा आग्रह होता. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर बसवलं. वसतिगृह आपापलं आणि वर्ग सगळ्यांचा, ही मांडणी मला शंभर वर्षांनंतरही शहाणपणाची वाटते. वेगळेपण जपायला जागा दिली, आणि भेटायची जागाही राखली. १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी बाबासाहेबांची जाहीर पाठराखण केली. पुढे घटना समितीत बाबासाहेबांनी दोन्ही बाजूंना सुनावलं: अल्पसंख्याक नाहीतच असं म्हणणं ही बहुसंख्याकांची चूक, आणि कायम अल्पसंख्याकच राहू म्हणणं ही अल्पसंख्याकांची.

आतला अल्पसंख्याक

समाजाला हक्क दिला की एक अवघड प्रश्न उरतोच: समाजाच्या वतीने बोलणार कोण? बहुतेक वेळा वडीलधारे पुरुष बोलतात. बाई, धाकटी सून, पंचांशी भांडलेला माणूस यांचं कोण ऐकतं? १९८५ मध्ये इंदूरच्या शाहबानो या घटस्फोटित बाईंच्या पोटगीच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि पुढच्याच वर्षी समाजाच्या पुढाऱ्यांच्या दबावाखाली संसदेने कायदा करून तो बोथट केला. २००१ मध्ये न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ असा लावला की बाईला न्याय्य तरतूद मिळालीच पाहिजे. बहिष्काराचं दुखणं तर सगळ्याच समाजांत आहे. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या कहाण्या ऐकून महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो सगळ्यांना सारखा लागू आहे.

परंपरा बाहेरूनच बदलावी लागते असंही नाही. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. काही दिवसांत राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करण्याचं आवाहन केलं. संस्कृती जपणं आणि तिच्यातला अन्याय सोडणं ही दोन्ही कामं एकच गाव करू शकतं, हे हेरवाडने दाखवलं. म्हणून समाजाच्या हक्काला मर्यादा हवी ती माणसाच्या हक्काची. समाजातून बाहेर पडायचं दार प्रत्येकाला उघडं असायला हवं, आणि आत राहून भांडायची मुभाही.

सलोखा पुरत नाही तेव्हा

कुरुंदवाडात काही मशिदींत गणपती बसतो. कोल्हापुरातल्या बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणेशाची प्रतिमा आहे. मोहरमचे पंजे उचलायला हिंदू घरं पुढे असतात. हे सगळं खरं आहे, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण त्याच जिल्ह्यात जून २०२३ मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या पायथ्याच्या गजापुरात जमावाने घरं आणि मशीद फोडली. गडावरची अतिक्रमणं हा वेगळा प्रश्न होता आणि तो सोडवायला कायदा होता. ज्या घरांवर हल्ला झाला त्यांचा त्याच्याशी काय संबंध?

सलोखा चांगल्या दिवसांत माणसांना जवळ ठेवतो. वाईट दिवशी पोलिसांनी वेळेवर यायला हवं, पंचनामा खरा व्हायला हवा, भरपाई मिळायला हवी. ते कुणाच्या चांगुलपणावर सोडता येत नाही. १९८५ मध्ये केरळच्या एका शाळेत तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण त्यांच्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढलं. त्यांचा पंथ इतका लहान की निवडणुकीत त्याची दखलही कुणी घेणार नाही. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला सांगितलं, आणि अगदी नगण्य अल्पसंख्याकालाही घटनेखाली आपली ओळख टिकवता येते का, हीच लोकशाहीची खरी परीक्षा असल्याचं म्हटलं.

हक्क डावलला गेला तर अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, आणि २२६ खाली उच्च न्यायालयात. आपल्या भागातल्या माणसाला त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची. एका शाळेच्या शिक्षकासाठी एवढा खर्च कोण करणार? १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. सांगलीत जत येतं आणि सोलापुरात अक्कलकोट. म्हणजे यापुढे तिथल्या एखाद्या कन्नड पालकाला मुलांच्या शाळेसाठी दाद मागायची झाली, तर तो कोल्हापूरला येईल, आणि त्याची बाजू मांडणारा वकील बहुधा मराठी बोलणारा असेल.